चर्चचा वास

शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमची ब्राउनश्वाइगची गल्ली सकाळीच रस्त्यावर येते. गाड्यांची दारं सताड उघडी, छतावर पेट्या, मागे सायकली. समोरच्या बाई थंड डब्यात सँडविचेस भरतात आणि त्यांचा नवरा ती सगळी बाहेर काढून पुन्हा भरतो, कारण त्याच्या मते डबा भरायची एक पद्धत असते. मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसते आणि मला मळमळायला लागतं. डॉक्टरांनी पोटाच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या, काही निघालं नाही. निघणार कुठून? लोक प्रवासाला निघालेत, एवढंच माझं दुखणं.

परवा युनिव्हर्सिटीतली दोन मुलं जेवायला आली होती. एक नाशिकचा मुलगा, एक सांगलीची मुलगी. दोघं नुकतीच युरोप पालथा घालून आलेली. "काकू, रेल्वेचा पास काढला होता. रोज नवा देश," मुलगा सांगत होता. "आल्झो, म्हणजे काय, जेवायला वेळच नसायचा. प्लॅटफॉर्मवर पावात भरलेला डोनर कबाब घ्यायचा, अर्धा खाईपर्यंत पुढची गाडी." मुलगी म्हणाली, "गेनाऊ, अगदी तस्संच! एकदाही बसून जेवलो नाही आम्ही." आणि दोघं हसली. हौसेची उपाशी माणसं फार गोड हसतात.

खिडकीपाशी आमचे हे आरामखुर्चीत बसले होते. आता कान गेलेत, पण युरोप हा शब्द बरोबर ऐकू येतो. "आम्ही सगळा युरोप मोटारीने केला," ते म्हणाले. "आणि बाहेरचा एक घास खाल्ला नाही. ही रस्त्याच्या कडेला बसून गरम भात करायची. विचारा तिला." मुलांनी माझ्याकडे असं कौतुकानं पाहिलं, जसं काही मी रणांगणावर भात शिजवला. "खरंच काकू?" मी म्हटलं, "खरंच. वरण वाढू का अजून?"

भात मी केला होता, यात खोटं काही नाही.

तो साठच्या दशकाच्या सुरुवातीचा उन्हाळा. ह्यांची डॉक्टरेट संपत आली होती. मला येऊन वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंनी मुंबईला बोटीत बसवताना कानाशी तोंड आणून सांगितलं होतं, "त्याच्या पोटात भलतंसलतं जाऊ द्यायचं नाही. तू जातेयस ती यासाठीच." एकुलता एक मुलगा, निघताना मांसाला शिवणार नाही अशी देवापुढे शपथ घेऊन निघालेला. म्हणजे मला जर्मनीला पाठवलं ते बायको म्हणून कमी आणि सोवळ्याची राखण म्हणून जास्त. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट अभिमान वाटला होता. विशीतल्या मुलीला कशाचाही अभिमान वाटतो.

त्या उन्हाळ्यात मला दिवस गेले होते. पुण्याला, हे इकडे यायच्या आधी, पहिल्या खेपेला राहिलं होतं ते तिसऱ्या महिन्यात गेलं, म्हणून या वेळी मी जीव मुठीत धरून होते. इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं आणि ह्यांना जर्मनमधून काहीतरी बजावलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?" हे म्हणाले, "चांगलं खात जा म्हणाल्या. मोकळी हवा घ्या म्हणाल्या. म्हणजे प्रवासाला हरकत नाही." मोकळ्या हवेबद्दल बाईंनी खरंच काही सांगितलं होतं का, हे मला आजतागायत ठाऊक नाही. पण मूल झालं की सगळं संपलं, युरोप बघायचा तर आत्ताच, असं ह्यांनी ठरवून टाकलं होतं. मी एवढंच ठरवलं की चांगलं खायचं. या वेळचं हातचं जाऊ द्यायचं नाही.

गाडी ह्यांच्या मित्राची, शरद भावजींची. ते वोल्फ्सबुर्गला ट्रेनिंगला होते आणि त्यांनी एक जुनी बीटल घेतली होती. चालवायचे मात्र बहुतेक वेळा हेच, कारण भावजी हळू चालवतात असं ह्यांचं मत. दोघं पुढे. मी मागच्या सीटवर, एका बाजूला तांदळाची पिशवी, दुसऱ्या बाजूला तंबूचे खांब, पायाशी स्पिरिटचा स्टोव्ह आणि मांडीवर पातेलं. छतावर दोरीने बांधलेल्या बॅगा. बीटलचं इंजिन मागे असतं. त्या इंजिनाचा सगळा गरम वास आणि घरघर माझ्या पाठीत.

ह्यांचा युरोप म्हणजे नकाशावर पेन्सिलने मारलेली एक रेघ. त्या रेघेवर जी गावं येतील ती बघायची, आणि बघायची म्हणजे गाडीतून उतरायचं, मान वर करायची, फोटो काढायचा, गाडीत बसायचं. कोलोनचं भलंमोठं चर्च, मग बेल्जियम नावाचं काहीतरी, मग एका दुपारी पॅरिस. पॅरिसचा एक पूल मला आजही आठवतो, कारण मी त्याच्या खाली बसून मुगाची खिचडी लावली होती. वरून पॅरिस चालत होतं. मला त्याचे पाय दिसत होते, छान बूट होते लोकांचे.

आणि आता ती जेवणाची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं होतं. आधी पुरुषांनी जेवायचं, मग बायकांनी. पुण्यात मला या नियमाचं कधी काही वाटलं नाही. पुण्यात पुरुष जेवून उठले की कचेरीत जातात नाहीतर आडवे होतात, स्वयंपाकघर आपल्या जागेवर राहतं, मग बायका निवांत पाटावर बसतात, आमटी पुन्हा गरम करतात, गप्पा हाणतात. आमच्या प्रवासात पुरुष जेवून उठले की गाडी सुरू व्हायची.

मी सतरंजी पसरायची, दोघांना वाढायची. मेतकूट, लोणचं, जपून थेंबथेंब तूप. हे भराभर चार घास घेत, हात धुवत आणि म्हणत, "आवरा." उरलेलं मी डब्यात भरायची आणि मागे बसून चालत्या गाडीत खायचा प्रयत्न करायची. पोटुशी बाई, मागे तापलेलं इंजिन, वळणांचा रस्ता. दुसरा घास आत जायच्या आधी पहिला बाहेर. मग गाडी थांबवायला सांगायची. ह्यांच्या कपाळाला आठ्या. "पुन्हा?" एवढाच शब्द. तो शब्द ऐकायला नको म्हणून मी पुढेपुढे डबाच उघडेना.

तुम्ही म्हणाल, आधीच खाऊन का नाही घेतलंस? पातेलं तुझ्यासमोर होतं, दोघं तर फिरायला गेलेले. अगदी बरोबर. छतावरच्या सामानाला कुलूप नव्हतं, म्हणून प्रत्येक गावात मी गाडीपाशी राखण करत बसायची आणि हे दोघं चर्च बघायला जायचे. भात शिजून तयार असायचा. वाफेचा वास नाकात, पोटात कावळे ओरडतायत, आणि मी झाकणावर हात ठेवून नवऱ्याची वाट बघत बसलेली. कुणी माझे हात बांधले नव्हते. आधी आपण खाल्लं तर ते उष्टं होतं, आणि उष्टं नवऱ्याला वाढायचं नसतं. आईने शिकवलं, सासूबाईंनी पक्कं केलं, आणि ऱ्हाईनच्या काठावर कुणी बघायला नसतानाही मी ते इमानेइतबारे पाळत होते. आज त्या मुलीच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

ऱ्हाईनकाठच्या त्या जागेवर शेजारी एक जर्मन कुटुंब उतरलं होतं. त्यांनी घडीचं टेबल उघडलं, त्यावर चौकटीचं कापड घातलं. बाई आधी बसली. नवऱ्याने थर्मासमधून तिच्या कपात कॉफी ओतली, मुलाने तिच्यापुढे पाव सरकवला. मी बघत राहिले. तेवढ्यात आमचे दोघे कुठलंसं चर्च उरकून आले. हे माझ्या नजरेच्या रोखाने पाहून म्हणाले, "बघतेस काय त्यांच्याकडे? थंड पाव खातायत बिचारे. आपल्याकडे गरम भात आहे." आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

या चर्चांना एक वास असायचा. आतून मी एकही पाहिलं नाही, पण दोघं परत आले की त्यांच्या कपड्यांना, बोटांना, ह्यांच्या श्वासाला तो यायचा. काहीसा धुराचा, काहीसा तेलकट, आणि त्यात फेसलेल्या मोहरीसारखं नाकात जाणारं काहीतरी. मी म्हटलं, जुनं लाकूड, मेणबत्त्या, त्यांच्या देवळात उदबत्तीऐवजी असलंच काही जाळत असतील. पॅरिसला तो वास नव्हता, तिथे लसणाचा होता. म्हटलं, फ्रेंच देवाची पद्धत वेगळी असेल. हायडेलबर्गला पुन्हा मोहरी. मला ते थोडं आवडायलाही लागलं होतं. आपला नवरा परक्या देवाच्या दारात जाऊन येतो आणि अंगाला वास लागला तरी धर्म सोडत नाही, असं काहीबाही मनात यायचं.

कारण हे जेवायचेच किती? चार घास, फार तर पाच. एवढा धडधाकट माणूस, दिवसभर गाडी चालवणारा, आणि चिमणीएवढं खाऊन उठायचा. मला वाटायचं, हे माझ्यासाठी मागे ठेवतात. तोंडाने बोलायची सवय नाही, पण पोटातल्या बाळाची काळजी आहे. एका संध्याकाळी तंबूत मी विचारलंही, "अहो, तुमचं पोट भरत नाही ना?" हे पाठ फिरवून म्हणाले, "माझं जाऊ दे. तू खात जा." मला भरून आलं. मी त्या दिवशीही डबा उघडला नव्हता, तरी भरून आलं.

मध्येच श्रावण लागला. सोमवारी माझा उपास, ह्यांचाही. हे सकाळी नकाशा बघत भावजींना म्हणाले, "बरं झालं, आज स्वयंपाकाचा वेळ वाचला. दोन चर्च जास्त होतील." दोन झाली. परत आले तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर तकाकी होती आणि मी गाडीला टेकून उभी होते, कारण उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि बसलं की ओकारी. भावजी म्हणाले, "वहिनींना जरा दूधबिध घेऊया का कुठे थांबून?" हे म्हणाले, "तिला सवय आहे उपासाची. आमच्या घरातल्या बायका चिवट असतात." भावजी गप्प बसले. तो माणूस गप्प बसण्यातच पुढे मोठ्या पदाला चढला.

त्या दिवसांत मी पोटावर हात ठेवून बाळाशी बोलायची. सांगायची, थोडं थांब, घरी गेलो की तुला शिरा करून घालीन. घर किती दूर आहे ते मला कळत नव्हतं. नकाशा पुढच्या सीटवर असायचा. कमरेची साडी मात्र रोज थोडी जास्त गुंडाळावी लागत होती. जिथे वाढायला हवं तिथे मी आटत होते.

परतीच्या वाटेवर न्युर्नबर्गच्या अलीकडे आम्ही आउटोबानवर, इथल्या महामार्गावर, होतो. मला लघवीला जायचं होतं. पोटुशीला वेळेचं भान कुठलं असणार? तरी मी खूप वेळ दम धरला आणि मग सांगितलं. हे म्हणाले, "आत्ताच तर झालं तुझं." शेवटी एका रास्टश्टेटेपाशी गाडी वळवली. रस्त्यावरचं खानावळीसारखं हॉटेल, पेट्रोलपंप, मागे संडास. मी उतरले. आत रांग होती, आणि पोटही ढवळलं, म्हणून थोडा वेळ लागला. तोंड धुऊन बाहेर आले तर गाडी नव्हती.

आधी वाटलं, सावलीत लावली असेल. इमारतीला वळसा घालून आले. पंपापाशी पाहिलं. नव्हती. माझ्याकडे पर्स नाही, पासपोर्ट नाही. अंगावर साडी, वर ह्यांचा जुना पुलोव्हर, पायांत मोज्यांवर चपला. जर्मन म्हणाल तर ब्रोट, मिल्ख आणि डांके, म्हणजे पाव, दूध आणि आभार. समोरून गाड्या सूं सूं करत चालल्या होत्या, आणि माझ्या पोटात एक बारीक कळ आली. पुण्याला आली होती तशी. मी तिथेच कठड्यावर बसले आणि मोठ्याने रडले. लाजबिज काही वाटली नाही.

हॉटेलमधल्या वाढणाऱ्या बाई बाहेर आल्या. थोराड, एप्रन बांधलेल्या. त्यांनी काहीतरी विचारलं, मी रस्त्याकडे हात केला आणि मग पोटाकडे. त्यांनी दोन्ही नीट पाहिलं, माझ्या दंडाला धरलं आणि आत नेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. खुर्ची, टेबल, समोर चमचा. थोड्या वेळाने त्यांनी खोल बशीत काहीतरी वाफाळतं आणून ठेवलं. मी पाहिलं तर डाळ. अख्ख्या मसुराची दाट आमटी. जन्मभराची ओळख असल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती.

पहिला चमचा मी डोळे मिटून खाल्ला. दुसऱ्या चमच्यात एक गुलाबी गोल चकती आली. आणि बाईंनी शेजारी बोटभर पिवळी मोहरी ठेवली होती, तिचा वास आणि त्या चकतीचा धुरकट तेलकट वास एकत्र नाकात शिरला.

कोलोनचं चर्च. हायडेलबर्गचं चर्च. ऱ्हाईनकाठची सगळी चर्चं. सोमवारची दोन.

मी चमचा खाली ठेवला नाही. हे नीट सांगते, कारण लोकांना वाटतं बाई बेशुद्धीत, भुकेने वेडी होऊन खाते. मी पूर्ण शुद्धीवर होते. मांस आहे हे मला कळलं होतं, नवरा काय करत होता हेही कळलं होतं, आणि हेही कळलं की तो जो भात माझ्यासाठी मागे ठेवतो असं मला वाटत होतं, तो त्याला जातच नव्हता. त्याचं पोट भरलेलं होतं. तो माझ्यासमोर भरल्या पोटाने उपास धरत होता आणि मी त्याची कीव करत उपाशी राहत होते. मला इतका राग आला की भूक दुप्पट झाली. मी ती बशी चकत्यांसकट पुसून खाल्ली, वर पाव खाल्ला. बाई समोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. पोटातली कळ थांबली.

मुलगी त्या हिवाळ्यात झाली, चांगली गुटगुटीत. आता ती हॅनोव्हरला असते, मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि जे आवडेल ते, बसून, सगळ्यांच्या आधी खाते. मी तिला दुसरं काही शिकवलं नाही.

तर, बशी रिकामी झाली आणि दारातून हे दोघं आले. हे हसत होते. "काय, घाबरलीस की नाही?" म्हणाले. "पुढच्या गावापर्यंत जाऊन आलो. आता बघ, पुढच्या वेळी कशी लवकर येशील." गंमत केली होती त्यांनी. मला धडा शिकवला होता. मागे भावजी, नजर जमिनीवर.

मग ह्यांचं लक्ष बशीकडे गेलं. काठावर सॉसेजचं एक साल उरलं होतं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. ते टेबलावर वाकले आणि दातओठ खात म्हणाले, "काय खाल्लंस हे? माझं मूल आहे तुझ्या पोटात. बाटलीस तू. आता माझ्या पानाला हात लावायचा नाही. आईला काय तोंड दाखवू मी?" आजूबाजूचे लोक चमचे थांबवून बघायला लागले. त्यांना शब्द कळत नव्हते, पण बायकोला बोलण्याचा सूर सगळ्या भाषांत कळतो.

वाकून बोलत होते म्हणून श्वास थेट माझ्या तोंडावर येत होता. ताजा होता, मोहरीसकट.

मी विचारलं, "अहो, आत्ता कुठल्या चर्चला जाऊन आलात?"

भावजींनी हळूच खुर्ची ओढली आणि बसले. गुन्हेगाराला न सांगता बसता येतं, हे मी तेव्हा पाहिलं. ह्यांनी एकदा भावजींकडे पाहिलं, एकदा दाराकडे. गाडीची किल्ली हातातून टेबलावर ठेवली होती. मी ती उचलली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि कमरेला खोचली. मग म्हटलं, "बसा."

बसले.

मी बाईंकडे बघून दोन बोटं वर केली. दोन बशा आल्या. ह्यांनी चमचा उचलला आणि भराभर तोंडात घालायला सुरुवात केली, उरकून उठायच्या घाईने. बशी संपली तशी मी आणखी मागवली. आमच्या घरी पंगतीला बसलेल्या माणसाचं पान कधी रिकामं राहू देत नाहीत. नको नको म्हणून हात आडवा घातला तर बोटांच्या फटीतून वाढतात. ह्यांनी बशीवर हात आडवा घातला. मी तो उचलून बाजूला ठेवला आणि बाईंच्या हातातली पळी घेऊन स्वतः वाढलं. घामाने कपाळ डबडबलं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं, चमचा तोंडापर्यंत जाऊन थांबत होता. आत आधीच बसलेलं सॉसेज नव्याला जागा देत नसणार.

"कुमुद, बास," ते म्हणाले. "उशीर होतोय."

मी खुर्ची जवळ ओढली, पाय समोरच्या आडव्या दांडीवर ठेवले, आणि आमच्याकडे वाढणारीने म्हणायचं असतं ते म्हटलं.

"सावकाश होऊ द्या."